कुंडीत पोळी पुरणारा कावळा

अंगणवाली (रत्नागिरी)
सासूबाई रोज जेवणाआधी कावळ्याला घास ठेवतात. महिनाभर एक डोमकावळा येतोय. दोन तुकडे खातो, तिसरा घेऊन गुलबक्षीच्या कुंडीत चोच खुपसतो, तुकडा आत दाबतो आणि वर वाळकं पान ओढतो. दुसऱ्या दिवशी नेमका तिथूनच काढतो. परवा बांगड्याचं डोकं कौलाखाली खोचलं, ते मात्र संध्याकाळच्या आत नेलं. पोळी तशीच होती. मासळी लवकर नासते हे त्याला कळतं का? की मीच काहीतरी अर्थ लावतेय?

पाणथळ
तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे. कावळ्याच्याच कुळातल्या 'स्क्रब जे' या अमेरिकेतल्या निळ्या पक्ष्यावर निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन या शास्त्रज्ञांनी १९९८ साली असाच प्रयोग प्रसिद्ध केला. पक्ष्यांना शेंगदाणे आणि अळ्या लपवू दिल्या. चार तासांनी सोडल्यावर ते आधी अळ्यांकडे गेले, कारण त्या त्यांना जास्त आवडतात. पाच दिवसांनी सोडलं तेव्हा, अळ्या कुजतात हे अनुभवाने शिकलेले पक्षी शेंगदाण्यांकडे वळले. म्हणजे काय, कुठे आणि केव्हा ठेवलं, तिन्ही त्यांच्या लक्षात होतं. तुमचा डोमकावळा वेगळ्या जातीचा, आणि मासळी त्याला नुसती जास्त आवडतही असेल. एकाच वेळी दोन्ही ठेवून बघा, तारीख-वेळ लिहा.

माळीकाका
कुंडी खणू नका. शिळं अन्न दिसलं तर तेवढं उचला, नाहीतर मुंग्या आणि उंदीर येतात.

पाणथळ
आणखी एक. लपवताना दुसरा कावळा बघत असेल तर काय करतो, तेही पाहा. त्याच 'स्क्रब जे' पक्ष्यांत, ज्यांनी पूर्वी स्वतः दुसऱ्याचं चोरलं होतं, ते लपवताना कुणी पाहिलं असेल तर नंतर एकटे असताना माल नव्या जागी हलवत. २००१ साली हे प्रसिद्ध झालं.

अंगणवाली (रत्नागिरी)
आज पाहिलं! कुंडीशी आला तेव्हा शेवग्यावर दुसरा बसला होता. याने तुकडा पुरला, पान ओढलं, उडाला. शेवग्यावरचा गेल्यावर पाच-सात मिनिटांत परत आला, तुकडा काढून विहिरीच्या कठड्याच्या फटीत दाबला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत हात तसेच पिठाचे घेऊन उभी. सासूबाईंना हाक मारली, त्या म्हणाल्या, "तुला आज कळलं होय?" वही आणलीय. बांगडा उद्या.