५१ हजार मेले नव्हते

वर कुणीतरी लिहिलंय की अमेरिकन यादवीत गेटिसबर्गला तीन दिवसांत ५१ हजार माणसं मेली. थोडी गल्लत होतेय. तो आकडा मृत, जखमी, बेपत्ता आणि कैद झालेले अशा सगळ्यांचा मिळून आहे. प्रत्यक्ष रणांगणावर मेले ते सात-आठ हजारांच्या घरात. यामुळे भीषणता कमी होते असं नाही, उलट मला तर जखमींचाच भाग जास्त अंगावर येतो. जुलै १८६३ मधलं ते गाव जेमतेम २४०० वस्तीचं. दोन्ही सैन्यं निघून गेली आणि मागे वीसेक हजार जखमी उरले. चर्च, शाळा, गोठे, जिथे छप्पर दिसेल तिथे माणसं झोपवली. जंतुसंसर्ग म्हणजे काय हेच ठाऊक नसलेला तो काळ. सर्जन एकाच करवतीने एकामागून एक हातपाय कापत होते. शिवाय हजारो मेलेले घोडे उन्हात सडत पडलेले.

आणि एवढं होऊनही, त्या युद्धात गोळीपेक्षा जुलाब, हगवण, विषमज्वर यांसारख्या आजारांनीच जास्त सैनिक नेले. ढोबळ हिशेब दोनास एक. छावणीतलं पाणीच घातक होतं. त्यांचे आकडे मात्र कुठल्याच लढाईच्या नावावर चढत नाहीत.