घरच्या कॉम्प्युटरमध्ये अनोळखी प्रोग्राम, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी चोपड्याहून. घरच्या विंडोज १० वर केळीच्या गाड्यांचा हिशेब आणि मुलीचा अभ्यास, एवढंच चालतं. चार दिवसांपासून कोणी हात लावला नाही तरी कॉम्प्युटरचा पंखा घरघरतो. टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रामांची यादी) उघडला की दोन सेकंदांत गप्प, बंद केला की पुन्हा सुरू! स्टार्टअपमध्ये (कॉम्प्युटरसोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांत) 'एसव्हीसीहोस्ट' हे विंडोजच्याच प्रोग्रामचं नाव दिसतं, पण फाइल अ‍ॅपडेटात आहे. खरी तर विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये असते. डिलीट केली, रीस्टार्टनंतर परत हजर. टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवतो तो) शोधू का? की आधी डिफेंडरचा (विंडोजच्याच अँटीव्हायरसचा) ऑफलाइन स्कॅन? नेट काढून ठेवलंय. दुकानदार सरळ फॉरमॅट मार म्हणतो, पण बाबांचे सगळे हिशेब त्यातच आहेत, जीव घाबरतो. एक्सेल फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या तर तोही बिघडेल का? कृपया लवकर सांगा.