नेब्रास्का : स्टुडिओत करून पाहिला होता की!

अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'नेब्रास्का' या अल्बमबद्दल "याचा आवाज इतका कच्चा का? बजेट नसणार" असं कुणीतरी लिहिलंय. अजिबात पटलं नाही. आधीचा अल्बम 'द रिव्हर' अमेरिकेत पहिल्या नंबरला जाऊन आलेला माणूस तो, त्याला पैशांची काय वानवा!

जानेवारी १९८२च्या सुमारास न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेकच्या घरी त्याने टास्कमच्या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर ही गाणी भरली, ती फक्त बँडला ऐकवायला म्हणून. मग आपल्या त्या ई स्ट्रीट बँडला घेऊन न्यूयॉर्कच्या स्टुडिओत तीच वाजवून पाहिली. 'बॉर्न इन द यू.एस.ए.' (हो, तेही याच काळातल्या घरगुती डेमोंमधलं, म्हणजे कच्च्या रेकॉर्डिंगमधलं!) तिथे उसळून आलं, बाकीची मात्र वाद्यांखाली पार गुदमरली. शेवटी बिनडबीची, खिशात घालून फिरवलेली कॅसेटच अल्बम म्हणून काढायचं ठरलं. खरी कसरत त्यानंतरची. त्या कॅसेटवरून एलपी कापणं (तबकडीवर आवाजाच्या खाचा कोरणं) भलतंच जिकिरीचं निघालं, आवाजाची पातळी बरीच खाली ठेवावी लागली.

सप्टेंबरअखेर कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने तो बाजारात आणला. दौरा नाहीच.

बँडबरोबरची रेकॉर्डिंग्ज २०२५ मध्ये बाहेर आली आहेत. यातलं 'अटलांटिक सिटी' हे गाणं दोन्हीकडचं लागोपाठ ऐका आणि मग बोलू.