बंदराचा गाळ काढताना वन्यजीवांचा विचार कोण करतं?

हिप्परग्याची_लेक:
आमचं गाव सोलापूरजवळ, एकरुख तलावाच्या काठी. उन्हाळ्यात पाणी आटलं की जेसीबी उतरतो नि गाळ ट्रॅक्टरनं शेतात जातो. आमच्या दोन एकरांतही टाकलाय, जमीन सुधारली. गाळ काढायला माझा विरोध नाहीच. पण गेल्या मेमध्ये कोरड्या पात्रात टिटवीची चार अंडी होती. जोडी डोक्यावर घिरट्या घालत नुसती ओरडत होती. मी ड्रायव्हरदादांना दाखवलं, त्यांनी तेवढी जागा सोडून पलीकडून खोदलं. मी तिथं नसते तर?

आता धाकटा भाऊ कोकणात ड्रेजरवर, म्हणजे बंदरातला गाळ उपसणाऱ्या जहाजावर, सर्व्हेच्या कामाला लागलाय. समुद्रात तर पाण्याखालचं दाखवायला काठावर कुणी उभं नसतं. परवानगी देताना वन्यजीव विभागाला विचारतात का? त्यांचं म्हणणं पाळावंच लागतं का?

रत्नागिरीकर:
ताई, 2006 च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेत बंदरं आणि ड्रेजिंग दोन्ही आहेत. नव्यानं खोली वाढवायची तर मंजुरी लागते. पुढं साचत राहणारा गाळ काढणं मूळ प्रस्तावात धरलेलं असेल, तर त्याला पुन्हा लागत नाही. म्हणून जे लिहून घ्यायचं ते पहिल्याच वेळी.
काम अभयारण्यात येत असेल तर प्रकरण राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीपुढं जातं. बाहेर असेल, पण वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी असेल, तर संवर्धन आराखडा करून मुख्य वन्यजीव रक्षकांकडून तपासून घ्यायला सांगतात. आमच्याकडं वेळास, आंजर्ल्याला अंडी घालणारं ऑलिव्ह रिडले कासव त्यातलंच. विभागाचं म्हणणं मंजुरीपत्रात अट म्हणून उतरलं तर पाळावंच लागतं. नुसतं फायलीत राहिलं तर कंत्राटदाराला कोण विचारणार?

अक्कलकोटचा_खलाशी:
मी बारा वर्षं ड्रेजरवर होतो. हॉपर ड्रेजर म्हणजे नळीनं गाळ ओढून स्वतःच्या पोटात भरणारं जहाज. त्याच्या ओढनळीचं तोंड तळाला टेकल्याशिवाय पंप चालू करायचा नाही, नाहीतर कासव आत खेचलं जातं. तोंडापुढं नांगराच्या फाळासारखी लोखंडी चौकट लावतात, कासव बाजूला सरकतं. ओडिशात धामरा बंदराच्या वेळी अशा बसवल्या होत्या. अमेरिकेत 1973 च्या कायद्यानं, संकटग्रस्त प्राण्याला धोका असेल तर, काम मंजूर करणाऱ्या सरकारी खात्याला आधी वन्यजीव किंवा सागरी मत्स्य खात्याचा सल्ला घ्यावाच लागतो. लेखी मतात किती कासवं दगावण्यापर्यंत चालेल याची मर्यादा असते. ती ओलांडली की पुन्हा सल्ला घ्यायचा. भावाला विचारा, त्याच्या जहाजावर मंजुरीपत्राची प्रत आहे का?

हिप्परग्याची_लेक:
रात्रीच फोन केला. त्यानं अजून पाहिलेली नाही, उद्या मागतो म्हणाला. कासवांच्या हंगामाची अट आहे का तेवढं आधी बघ, असं सांगितलंय.
इकडं मी ग्रामसभेत अर्ज देतेय. जेसीबी उतरण्याआधी वनरक्षकांनी पात्रात एक फेरी मारावी, अंडी दिसतील तिथं चुन्यानं आखून द्यावं. मसुदा इथं टाकला तर कुणी तपासून द्याल का?