परदेशात भाड्याची स्कूटर : तुमचं काय काय झालं ते सांगा

उद्यमनगरकर
नमस्कार मंडळी. डिसेंबरात बायको आणि मी बालीला निघालोय. तिकिटं झाली, हॉटेल झालं, आता गाडं अडलंय गाडीवर. तिथं म्हणे स्कूटर भाड्यानं घेतल्याशिवाय मजा नाही, दिवसाला आपले चारपाचशे रुपये. मी म्हटलं आपण काय, शाळेत असल्यापासनं गाडीवर, जोतिबाचा डोंगर ट्रिपल सीट चढवलाय, बाली काय चीज हाय. तोवर मागच्या आठवड्यात मावसभाऊ फुकेतहून आला तो हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घालून. विचारलं तर म्हणतो "काय न्हाई, जरा घसरली". मावशीला सांगितलंय बोटीतनं उतरताना पडलो. तो काय खरं सांगंना म्हणून इथं धागा काढतोय. थायलंड, बाली, व्हिएतनाम, कुठलं पण सांगा. पडलेल्यांनी सांगा, न पडलेल्यांनी पण सांगा.

पांढरा_रस्सा
तुमच्या भावाचं काय झालं असेल ते मी सांगतो. (मी बाई आहे, पण कोल्हापूरची, त्यामुळं सांगतोच म्हणणार, पुण्याच्या लोकांनी दचकू नये.)

लग्नानंतर आम्ही फुकेतला गेलेलो. पातोंग बीचला जायला मधे एक डोंगर ओलांडावा लागतो, लांबीला काहीच नाही पण चढ-उतार असला उभा की बास. नवरा बुलेटवाला. त्याला उताराला गिअर खाली टाकून इंजिनवर गाडी सोडायची सवय, आणि हातात बिनगिअरची स्कूटर. दोन्ही ब्रेक दाबून दाबून खाली आलो तोवर जळका वास. थांबलो एका वळणावर. मी घाईनं उतरलो ते उजव्या बाजूनं, शॉर्ट्स घातलेली, पोटरी टेकली सायलेन्सरला. चर्र. आयुष्यभर आपण साडीत नाहीतर ड्रेसमधे एका बाजूला बसतो आणि डावीकडनं उतरतो, त्यामुळं सायलेन्सर कुठं असतो याचा कधी विचारच केलेला नसतो. तिथं म्हणे याला थाय टॅटू म्हणतात, बीचवर दर पाचदहा जणांत एकाच्या पोटरीला तो लंबगोल डाग दिसत होता, तोवर मला वाटलेलं फॅशन हाय.

त्यावर आमचा शहाणपणा म्हणजे दुसऱ्या दिवशी बेटांची ट्रिप बुक होती, पैसे भरलेले, सोडायची कशी, म्हणून फोड आलेला पाय घेऊन समुद्रात. चिघळली ती चांगली तीन आठवडे. डाग अजून हाय.

आणि खरी मजा गाडी परत देताना. दुकानदारानं घेताना पासपोर्ट ठेवून घेतलेला. परत द्यायला गेलो तर खाली वाकून मडगार्डच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून एक चरा दाखवला. आतल्या बाजूला! तिथं आम्ही काय डोकं घालून बघितलेलं? सात हजार बाट मागितले. संध्याकाळी विमान, पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमधे, भांडणार कुठल्या तोंडानं. शेवटी साडेचार हजारावर मिटवलं. नंतर कळलं की तिथं टुरिस्ट पोलिसांचा वेगळा नंबर आहे, ११५५, इंग्रजीत बोलतात. तो आम्हाला परत आल्यावर कळला हे वेगळं.

नवव्या_गल्लीतला
लई घाबरवायला लागलाय राव तुम्ही. मी तीन वेळा जाऊन आलो थायलंडला, एकदा पण काय झालं नाही. पोलिसानं धरलं तेव्हा पाचशे बाट दंड, पावती दिली, विषय संपला. हेल्मेट तर मी घेतलंच नाही, त्या उकाड्यात डोकं शिजतं.

फिजिओ_ताई
नवव्या गल्लीतल्या दादा, हेल्मेट म्हटलं की आपल्या गावात मोर्चा निघतो हे मला माहीत आहे, मी पण त्याच गावातली. पण माझ्याकडे व्यायामाला येणाऱ्यांत दर सीझनला दोनतीन तरी असे ट्रिपवरून आलेले असतात म्हणून लिहिते. पडल्यावर माणूस हात पुढे टाकतो, त्यामुळे मनगट, कोपर आणि गळपट्टीचं हाड, हे तीन ठरलेले. (उद्यमनगरकर, तुमच्या भावाला बोटीतनं पडलो म्हणायचं तर म्हणू दे, पण व्यायाम चुकवू देऊ नका, कोपर आखडलं की सरळ करायला जीव जातो.) त्याच्या खालोखाल कातडी सोलवटणं. चड्डी, बनियन आणि स्लीपर घालून चाळीसच्या स्पीडला डांबरावर घसरलं तर काय राहतं ते मी इथं लिहीत नाही, जेवायची वेळ आहे.

थायलंडमधे रस्त्यावर मरणाऱ्यांत ७४ टक्के दुचाकी-तिचाकीवरचे, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालातला आकडा आहे हा. दुकानात जे देतात ते बऱ्याचदा हेल्मेट नसतंच, वाटी असते. पट्टा लागत नाही, लागला तर हनुवटीखाली एवढा ढिला की पहिल्या धक्क्याला वाटी एकीकडे आणि डोकं एकीकडे. चार दुकानं फिरा, पण पट्टा खटकन बसणारं हेल्मेट घ्या. नाहीतर इथनं घेऊन जा, बॅगेत बसतं, आत मोजे भरायचे.

मिसळ_कट
माझा अनुभव पडण्याचा नाही, पडल्यानंतरचा आहे, आणि जरा लांबड आहे.

आम्ही चौघं मित्र, थायलंडच्या उत्तरेला चियांग माईहून पाईला निघालेलो. त्या रस्त्यावर ७६२ वळणं आहेत, पाईत गेल्यावर त्या आकड्याचे टी-शर्ट विकायला असतात, आम्ही आधीच ठरवलेलं की टी-शर्ट घ्यायचेच. आमच्यातला एक, नाव नको, उतारावर एका वळणात वाळू होती तिच्यावर पुढचं चाक गेलं आणि हा आडवा. गाडीला फार काही नाही, ह्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. अॅम्ब्युलन्स आली, चियांग माईत प्रायव्हेट हॉस्पिटल, प्लेट घातली, सगळं चकाचक, नर्सबाई हात जोडून नमस्कार करतात वगैरे, आणि बिल आपल्या पैशात तीन लाख ऐंशी हजार. आम्ही निवांत, कारण इन्शुरन्स काढलेला ना, बाराशे रुपये भरून पन्नास हजार डॉलरचं कव्हर, फोनवर पीडीएफ पण होती.

इन्शुरन्सवाल्यांनी पहिला प्रश्न विचारला, लायसन्स पाठवा. पाठवलं. दुसरा प्रश्न, ह्याच्यावर मोटरसायकल कुठाय? आता गंमत बघा. गडी वयाच्या सोळाव्या वर्षापासनं दुचाकीवर, आधी वडलांची लुना, मग स्प्लेंडर, आता अॅक्टिव्हा. पण लायसन्स काढलं ते कार घेतल्यावर, ड्रायव्हिंग स्कूलमधनं, त्यावर एलएमव्ही, म्हणजे कारपुरतं, एवढंच. वीस वर्षांत इथं कुणी विचारलं नाही, विचारलं तरी लायसन्स दाखवलं की "जावा". ह्यानं कोल्हापुरातनं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट पण काढलेलं बरं का, रीतसर, हजार रुपये भरून. पण त्या पुस्तकात गाडीच्या प्रकाराप्रमाणं शिक्का असतो, ए म्हणजे मोटरसायकल, बी म्हणजे कार. ह्याचा शिक्का बी वर. म्हणजे तिथल्या कायद्यानं तो विनालायसन्स गाडी चालवत होता, आणि विनालायसन्स चालवताना झालेल्या अपघाताला पैसे मिळत नाहीत हे पॉलिसीत पान नंबर एकोणीसवर बारीक अक्षरात लिहिलेलं. आम्ही भांडलो, मेल केले, ओळखीच्या वकिलाला दाखवलं, तो वाचून म्हणाला बरोबर आहे त्यांचं.

चौघांनी मिळून कार्ड घासली. ह्याच्या बायकोनं सोनं ठेवलं. पुढं दीड वर्ष चौघांत हिशोब चाललेला आणि त्यातला एक आता बोलत नाही, ते वेगळंच दुखणं.

आणि नवव्या गल्लीतल्या भावा, तू म्हणतोस पाचशे बाटची पावती घेतली की विषय संपला. ती पावती म्हणजे दंड भरल्याची पावती, लायसन्स न्हवं. पुढच्या वळणावर पडलास तर ती इन्शुरन्सवाल्याला दाखवून बघ.

नवव्या_गल्लीतला
हे माहीत न्हवतं राव.

गगनबावडा_घाट
व्हिएतनामचं मी सांगतो. ए शिक्का, बी शिक्का सगळं असलं तरी तिथं उपयोग नाही. आपल्या आरटीओतनं मिळतं ते परमिट १९४९ च्या जिनिव्हाच्या रस्ते-वाहतूक करारातलं, आणि व्हिएतनाम मानतंय १९६८ चा व्हिएन्ना करार. म्हणजे आपलं पुस्तक तिथं वहीच्या किमतीचं. ५० सीसीच्या आतल्या गाडीला तिथं लायसन्स लागत नाही, पण भाड्याला मिळतात ११०-१२५च्या, आणि घाटात पन्नासची चढणार तरी काय. दुकानदार एका शब्दानं विचारत नाही. त्याचं काय जातंय.

मला होई आनला कळलं की खरा घोळ वेगळाच आहे. तिथं उजवीकडनं चालतात. गर्दीत काय वाटत नाही, पुढच्याच्या मागं मागं जायचं. पहाटे पाचला समुद्रावर सूर्योदय बघायला निघालो, रस्ता मोकळा, कुत्रं पण नाही, थंडगार हवा, मन प्रसन्न, आणि चौकातनं डावीकडं वळलो ते सरळ आपल्या नेहमीच्या डाव्या लेनला. दोनशे मीटर तसाच गेलो असेन. समोरनं भाजीची मोटरसायकल, मागं दोन्ही बाजूला पाट्या, हॉर्न मारतोय, आणि मी मनात म्हणतोय काय येडं हाय, राँग साइडनं आलंय. आपण जन्मभर राँग साइडवाल्याला शिव्या घातल्यात ना, त्यामुळं राँग साइडला आपण असू शकतो हे डोक्यात येतच नाही. शेवटी तोच बिचारा बाजूच्या वाळूत गेला. मी थांबून हात जोडले, तो हसला आणि गेला. माझे हात अर्धा तास थरथरत होते.

पुढं उत्तरेच्या डोंगरात ‘हा जियांग’ला गेलो तेव्हा मुकाट्यानं मागं बसलो. तिथं तशी सोय असते, इझी रायडर म्हणतात, तिथला पोरगा चालवतो आपण मागं. साडेतीनशे किलोमीटरची फेरी, मा पी लेंगच्या घाटात खाली न्यो क्वे नदी हिरवीगार, वर ढग. चालवणाऱ्याला काय दिसणार त्यातलं, त्याचं लक्ष खड्ड्यात. माझ्यासंगं आंबोलीचा घाट करणाऱ्या पोरांनी मला लई चिडवलं, मागं बसून घाट केला म्हणून. चिडवू दे.

कसबा_बावडा
उद्यमनगरकर, बाली मागच्याच वर्षी केलीय, सांगतो. एजंटाच्या नादाला लागू नका, परिवहनच्या साइटवर सारथीमधे अर्ज भरायचा, फॉर्म ४ए, फी हजार, पासपोर्टचे कागद. परमिट वर्षभर चालतं. मला बालीत दोनदा अडवलं, एकदा सेमिन्याकला आणि एकदा उबुदच्या वाटेवर. परमिट, मूळ लायसन्स आणि गाडीचा कागद, एसटीएनके म्हणतात, तो सीटखाली असायला पाहिजे, गाडी घेतानाच बघून घ्या. तिन्ही दाखवल्यावर पोलीस म्हणाला "इंडिया? शाहरुख खान!" आणि सोडलं. माझ्या पुढच्या गोऱ्याकडं काहीच न्हवतं, तो अजून तिथंच घाम पुसत उभा होता. २०२३ मधे तिथल्या गव्हर्नरांनी परदेशी पाहुण्यांना मोटरसायकली भाड्यानं देणंच बंद करतो म्हटलेलं, ते काय झालं नाही, पण लोकांनी उच्छाद मांडल्याशिवाय कोण असं म्हणंल?

पडलो मी पण. चांगगूला भाताच्या खाचरांतनं एक शॉर्टकट आहे, जेमतेम एक कार जाईल एवढा, आणि दोन्ही बाजूंनी गाड्या घुसतात. समोरनं कार आली, मी आपला उसाच्या ट्रॉलीला साइड देतो तसा कडेला घेतली. कड होतीच कुठं? मी, गाडी आणि मागं बसलेली बायको, तिघं चिखलात. लागलं काय नाही, भात होता म्हणून. पण बाजूला चौघं उभे होते ते मदत सोडून व्हिडिओ काढत होते, म्हणजे तो शॉर्टकट त्याच्यासाठीच प्रसिद्ध हाय असं दिसतंय.

अजून एक, फोन हँडलला लावून रस्ता बघू नका. आमच्या हॉटेलातल्या एका मुलीचा मागनं येणाऱ्यानं चालत्या गाडीवर ओढून नेला. फोन खिशात, कानात एक बाजू लावून ऐकायचं.

राजारामपुरी_तिसरी_गल्ली
आमची गाडीच चोरीला गेली होती थायलंडमधे क्राबीला, हॉटेलच्या दारातून, रात्री, लॉक असताना. दुकानदार म्हणाला नव्या गाडीचे पैसे द्या. हॉटेलचा वॉचमन हळूच म्हणाला, दुसरी किल्ली कुणाकडे असते ते बघा. आम्ही पोलिसात जाऊया म्हटल्यावर दोन तासांत गाडी "सापडली". मी काही आरोप करत नाही. पण तेव्हापासून भाड्याची गाडी घेतली की स्वतःचं डिस्क लॉक लावते, आणि हॉटेलचं नाव दुकानात सांगत नाही. पासपोर्ट तर कुणालाच द्यायचा नाही, रोख डिपॉझिट घे म्हणायचं, नाही म्हणाला तर पुढचं दुकान. गाडी घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ, आणि त्यात दुकानदार पण दिसला पाहिजे.

निवृत्त_मास्तर
श्रीलंकेत आम्ही उभयता गेलो होतो. आपलं परमिट तिथल्या ऑटोमोबाइल असोसिएशनकडून कोलंबोत मान्य करून घ्यावं लागतं असं कळलं, त्यावर मंडळी म्हणाल्या त्यापेक्षा रिक्षा करा. गॉलला चार दिवस एकच रिक्षा केली. रिक्षावाला क्रिकेटवेडा, मी पण. मुरलीधरनवरून आमचं जे जमलं ते विचारू नका. स्कूटरचा अनुभव नाही, क्षमस्व.

उद्यमनगरकर
सगळ्यांचे लई आभार. मिसळ कट, तुमचं वाचून मघाशी उठलो आणि कपाटातलं लायसन्स काढून बघितलं.

एलएमव्ही. एकटंच.

तेवीस वर्षं झाली दुचाकी चालवतोय. बायको हसून हसून दमली, आणि तिच्या लायसन्सवर दोन्ही आहेत.

कसबा_बावडा
मग वैनी चालवतील, तुमी मागं बसा. न्हाईतर आजच लर्निंगला अर्ज टाका. शिकाऊ निघाल्यावर ३० दिवस थांबावं लागतंय, मग टेस्ट, मग परमिट. आता कुठं ऑक्टोबर सुरू झालाय, बसतंय.

पांढरा_रस्सा
वैनींनाच चालवू दे. आणि दादा, उतरताना डावीकडनं.