नेक्रासोवचा व्लास: रशियन कवितेतल्या शेतकऱ्याच्या पोराला सुखी म्हणावे का?

धागाकर्ता
निकोलाय नेक्रासोवची ‘शेतकऱ्यांची मुले’ ही दीर्घ कविता १८६१ सालची आहे. रशियातली भूदासपद्धती, म्हणजे शेतकरी जमीनदाराच्या मालकीचे असण्याची पद्धत, रद्द झाली तेही त्याच वर्षी. तिचा एक तुकडा रशियन शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या पाठ केला गेला. कडाक्याच्या थंडीत जंगलातून सरपणाची गाडी येते आहे आणि मोठ्यांचे बूट, मोठे हातमोजे नि मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेला सहा वर्षांचा व्लास घोड्याचा लगाम धरून पुढे चालतो आहे. विचारणाऱ्याला तो ऐटीत सांगतो की बाप लाकडे तोडतो आणि मी ती नेतो. घरात माणसे पुष्कळ, पण पुरुष दोनच, बाप आणि मी. माझे मत असे की ही ऐट खरी आहे. या कवितेतले सुख कष्टांवर चढवलेला मुलामा नाही, ते त्या कष्टांतूनच येते.

प्रतिसाद १: उंबरठा
सादर असहमत. कवी स्वतः जमीनदाराचा मुलगा. शिकारीहून दमून तो गोठ्यात पहुडला आहे आणि फटींतून डोकावणारे करडे, तपकिरी, निळे डोळे त्याला शेतातल्या रानफुलांसारखे दिसतात. ज्याला संध्याकाळी गरम जेवण ठरलेले आहे, त्यालाच हे असे दिसू शकते. सहा वर्षांच्या पोराला घरातला दुसरा पुरुष व्हावे लागते, ही त्या घराची अगतिकता आहे. तिला ऐट म्हणणे ही बघणाऱ्याची सोय झाली.

प्रतिसाद २: धागाकर्ता
हा आक्षेप कवीने आधीच ओळखला होता, असे मला वाटते. आळंबी गोळा करणारी मुले आणि पेंढ्यांनी भरलेल्या गाडीवर बसून राजासारखा गावात शिरणारा वान्या दाखवून झाल्यावर तो म्हणतो की एवढे वाचून एखाद्या उमरावाच्या पोराला हेवा वाटायचा, तेव्हा नाण्याची दुसरी बाजू दाखवलीच पाहिजे. मग तो सांगतो की असे मूल काही न शिकता मोकळे वाढते, देवाच्या मनात असेल तर मोठे होते, आणि त्याने वाटेतच मरावे याला कुणाची आडकाठी नसते. व्लासचा प्रसंग येतो तो यानंतर, हे पाठ्यपुस्तकातला उतारा वाचून कळत नाही. त्या प्रसंगातही उन्हात चमकणारे ते चित्र आपल्याला क्षणभर पुठ्ठ्याचे, बालरंगभूमीवरचे वाटले, अशी कबुली देऊन तो पोरगा, फाटे नि कबरा घोडा हे सारे खरे असल्याचे बजावतो.

प्रतिसाद ३: कोरडवाहू
जमीनदाराची नजर एवढ्यावरच हा वाद मिटवायचा असेल तर इवान सुरिकोवचे काय करायचे? तो १८४१ साली यारोस्लाव्ल प्रांतात भूदासाच्या घरीच जन्मला. त्याच्या ‘बालपण’ या कवितेत मुलगा टेकडीवरून घसरगाडीने येताना उलटून बर्फात पडतो आणि सवंगडी हसतात. रात्री तो जुनापुराणा कोट काढून भल्यामोठ्या चुलीच्या उबदार माथ्यावर चढतो आणि आजीकडून अग्निपक्ष्याची आणि करड्या लांडग्याची गोष्ट ऐकतो. यात कुठला जमीनदार आला?

प्रतिसाद ४: उंबरठा
सुरिकोव आठ-नऊ वर्षांचा असतानाच मॉस्कोला गेला, बापाच्या दुकानात राबला आणि १८८० साली क्षयाने वारला. दुःखाने आपले बालपण काळवंडले नाही असे तो शेवटी लिहितो, ते शहरातून मागे वळून पाहताना. शिवाय त्याच्या कवितेत मूल काम करतच नाही! कष्टांतून सुख येते या धागाकर्त्याच्या मूळ विधानाला ती कविता कसा आधार देते?

प्रतिसाद ५: धागाकर्ता
हा मुद्दा रास्त आहे. सुरिकोवचा आधार मी घेत नाही, माझा आधार नेक्रासोवचाच आहे. त्याच सुमाराच्या ‘मुलांचे रडणे’ या कवितेत कारखान्यातली मुले दिवसभर फिरणाऱ्या चाकापुढे थकून रडतात, आणि तिथे त्याने आनंदाचा एक कणही ठेवलेला नाही. व्लास आपण नेतो ती लाकडे कुणाच्या चुलीसाठी आहेत हे जाणतो; चाकापुढच्या मुलाला तसे काही ठाऊक नसते. कवीने हा फरक जाणून केला आहे.

प्रतिसाद ६: उंबरठा
फरक मान्य, पण त्याचा परिणामही पाहावा. १८८२ च्या कायद्याने बारा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात कामाला लावण्यास रशियात बंदी आली. घरच्या शेतावर आणि जंगलात राबणारी मुले मात्र त्या कायद्याबाहेरच राहिली. ज्या मुलाच्या तोंडी कवीने रडणे दिले त्याची दखल घेणे सोपे होते. ज्याच्या तोंडी ऐट दिली, त्याच्याकडे पाहून वाचक आजही कौतुकाने हसतात, आणि आपल्या धाग्याची सुरुवातही त्या कौतुकानेच झाली आहे.