दारू सोडली, आता बैठकीत ग्लासात काय भरू?

तापीकाठचा:
मुक्काम भुसावळ. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, डॉक्टर म्हणाले दारू बंद. केली. पण शनिवारची मळ्यातली बैठक सोडवत नाही. शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा, आणि माझ्यापुढे कोल्ड्रिंकची बाटली! ते गुळमट पाणी ठेच्यासोबत जातच नाही भो. मॉकटेलचं निळं सिरप आणलं होतं, तर लेबलवर पहिलंच नाव साखरेचं. घरी करता येईल असं, घोट घोट पुरवून पिण्यासारखं काही आहे का? बीपी नाही, मीठ चालतं.

यावलची_माहेरवाशीण:
दादा, कैरी भाजा. गॅसवर नको, भरताची वांगी भाजतो तशी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर. मळ्यात काय कमी आहेत का त्या? साल काळी पडून फुटली, आतून रस फसफसायला लागला की काढा. निवली की गर पिळून घ्या. काळे कण राहिले तर राहू द्या, धुराची चव त्यातच असते. मोठ्या ग्लासात दोन चमचे गर, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर पादेलोण, चुरगळलेला पुदिना, उभी चिरलेली हिरवी मिरची. वरून साधा सोडा. सोडा कडेने, हळू सोडा. मिठावर पडला की उफाळून निम्मा खाली जातो. गूळ-साखर काही नाही. आंबट-तिखट असलं की माणूस आपोआप सावकाश पितो, गोड घटाघटा जातं. उरलेला गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, पावसाळ्यातही चालतो.

गोळ्या_औषधं:
कोल्ड्रिंक सोडलंत ते बरंच झालं. 300 मिलीच्या बाटलीत साधारण 30 ग्रॅमच्या वर साखर जाते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरची साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. आणि जास्तीच्या साखरेची चरबी करायचं काम लिव्हरच करतं, म्हणजे दारू गेली आणि दुखणं तिथंच. टॉनिक वॉटरला सोडा समजू नका. क्विनाइनचा कडवटपणा झाकायला त्यात साखर असते. नॉन-अल्कोहोलिक बिअरचंही लेबल वाचा, काहींत 0.5 टक्क्यापर्यंत अल्कोहोल असतं.

धुळेकर_भाऊ:
एवढा खटाटोप कोण करे भो! पातळ ताक, त्यात तोच ठेचा बोटभर, रवीनं घुसळा. झालं. कैरी नसेल तेव्हा धडगावकडचा आमचूर पाण्यात भिजवून घ्या, कैरीची बहीणच ती.

तापीकाठचा:
ताक मळ्यात नासतं हो, मे महिन्यात 45 च्या वर पारा! कैरीचं जमेल, पऱ्हाट्या आहेत. ताई, बर्फ आधी की नंतर?

यावलची_माहेरवाशीण:
आधी. नंतर टाकला की सोड्याचा जोर जातो. आणि गर जास्तीचा न्या, बाकीचे मागतीलच.